बटण बंद, तरी काच पारदर्शक!

"ढब्बू, काचेचं बटण दाबू नकोस म्हटलं ना!" टिकली ओरडली.

"मी कुठं दाबलंय? हे बघ, दोन्ही हात खिशात!"

मामीच्या कारखान्यातल्या कुलूपबंद खोलीची दुधी काच खालच्या कोपऱ्यातून आपोआप पारदर्शक होत होती. बशीएवढा डाग बघता बघता ताटाएवढा झाला!

"आत कुणीतरी आहे," टिकलीचा दादा कुजबुजला.

"भू... भूत!" ढब्बूची बोबडी वळली.

टिकलीनं धीर करून काचेला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. "दादा, काच तापलीय!"

मामीनं कालच समजावलं होतं. या दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाचे, म्हणजे लिक्विड क्रिस्टलचे, बारीक थेंब असतात. वीज दिली की त्यांचे रेणू एका दिशेला तोंड करून उभे राहतात आणि आरपार दिसतं. वीज बंद केली की काच पुन्हा दुधी.

"पण फार तापलं तर द्रवस्फटिकाचा साधा द्रव होतो," टिकलीला आठवलं. "मग विजेशिवायही आरपार दिसतं!"

तिनं वाकून पाहिलं. आत विजेची भट्टी धगधगत होती. तिच्यावरचा पुठ्ठा काळा पडत चाललेला, आणि शेजारीच स्पिरिटचे डबे! वरच्या मजल्यावर तर मामी आणि सगळे कारागीर कामात होते.

तिघं मॅनेजरकाकांकडे धावले. काका मोबाइलवर सिनेमा बघत होते.

"भट्टी मी कधीच बंद केलीय. पळा, डोकं खाऊ नका!"

"काका, आग लागेल!"

"पळा म्हणतो ना!"

मुख्य स्विच नेमका त्यांच्या खुर्चीमागं होता. दादानं खिडकीबाहेर बोट दाखवलं. "अहो काका, तुमच्या गाडीला ट्रक घासतोय!"

काका धूम पळाले. दादानं स्विचचा लाल दांडा खाली ओढला. यंत्रं एकदम गप्प झाली. त्या शांततेत टिकलीला जळका वास आला.

"वीज कुणी घालवली?" मामी जिन्यावरून ओरडतच उतरली. टिकलीनं काचेकडे बोट केलं.

मामीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं किल्लीनं दार उघडलं, वाळूची बादली उचलली आणि पेटत्या पुठ्ठ्यावर ओतली. मग दाराशीच मटकन बसली.

"भट्टीचं बटण चालूच होतं. अजून जरा उशीर झाला असता तर..." मामीनं टिकलीला जवळ ओढलं.

परत आलेले मॅनेजरकाका मान खाली घालून उभे राहिले. "चुकलं माझं. पोरांचं ऐकायला हवं होतं."

"शाबास रे वाघांनो!" खाली आलेले कारागीर टाळ्या वाजवू लागले. ढब्बू ऐटीत वाकून सलाम करत होता. टिकलीला मात्र आता कुठं रडू फुटलं, आणि मामीचा हात काही ती सोडेना.