पांढऱ्या केसांचे अकरा टाके

दार लोटा रे, आणि चुलीत एक ओंडका सारा. हसू नका. मागच्या खेपेला तुमच्या बुटांत मी बेडूक सोडले, ते कबूल. पण ही गोष्ट मला ऑरिन स्केल्टननं सदरा वर करून सांगितली. खोटी वाटली तर त्याच्या पोटाला विचारा.

साल अठराशे एक्याऐंशी. नोव्हेंबरची तेवीस, बुधवार. चंद्र नखाएवढा, तोही दिवेलागणीलाच बुडालेला. त्या दिवशी दुपारी ऑरिन निघाला तो लेफला शोधायला. आणि लेफ गेला होता कशाला, तर कॉफी आणायला. सोमवारी गेलेला, मंगळवारी यायचा. पत्त्यांत बसला असेल, असं पुटपुटत ऑरिननं फाटका हातमोजा शिवला, सुई तुळईत खोचली आणि घोड्यावर मांड टाकली.

दोघं हद्दीवरचे राखणदार. मालकाची गुरं हिवाळ्यात भरकटू नयेत म्हणून पार कडेच्या खोपटीत राहायचे. सकाळी एक उगवतीला जायचा, एक मावळतीला, रात्री परत एका चुलीपाशी. मालकानं बाजा दोन दिल्या होत्या. एकीवर दोघं निजायचे, दुसरीवर खोगिरं निजायची. सगळ्या खोऱ्याला ठाऊक. बोलत कुणी नव्हतं, कारण ऑरिनचा हात जड आणि लेफची जीभ त्याहून तिखट.

चार वर्षांमागं लेफ त्या दारात आला तो बैलानं पोट फाडलेला, दोन्ही हातांनी आतडी आत दाबत. ऑरिन म्हणाला, "मी आजवर घोडेच शिवलेत."

"मग मी हिनहिनतो," लेफ म्हणाला. "शिव."

दोरा नव्हता. ऑरिननं आपल्या पांढऱ्या घोडीच्या शेपटीचे केस उकळून मऊ केले आणि अकरा टाके घातले. हिवाळाभर त्याला चमच्यानं भरवलं. बर्फ वितळलं, लेफ हिंडायला लागला, पण जायचं नाव काढेना. ऑरिननंही काढलं नाही. ऑरिन लढाईतून आल्यापासून रोज रात्री ओरडत उठायचा. लेफ शेजारी निजायला लागला तसं ते थांबलं. आता कुणी कुणाला बरं केलं ते तुम्हीच ठरवा.

घोडी म्हातारी होऊन मेली, तेव्हा लेफनं तिच्या शेपटीच्या केसांचा गोफ विणून टोपीला गुंडाळला. शिवणं तोही शिकला. पण डावखुरा, त्याच्या गाठी उलट्या पडायच्या. आणि शिवून झालं की सुई स्वतःच्या कॉलरला टोचायचा आणि विसरायचा. ऑरिननं अर्धं आयुष्य ती एक सुई शोधण्यात घालवलं. म्हणून तर तुळईचा कायदा केलेला.

आता तिकडची रीत ऐका. खोपटीला कुलूप नसतं. वाटसरूनं यावं, खावं, घोडा दमला असेल तर आपला ठेवून तिथला न्यावा, जाताना लाकडं फोडून ठेवावीत. शनिवारी एक जण आला. लेफचा घोडा घेऊन गेला आणि एक तांबडी घोडी ठेवून गेला. रीतच ती. कुणी घोडीच्या पुठ्ठ्यावर डागलेली धन्याची खूण बघितली नाही. सोमवारी लेफ तिच्यावरच बसून गेला.

घोडी चोरीची होती.

नदी जिथं पायी ओलांडता येते, त्या उतारापाशी पोचायला ऑरिनला संध्याकाळ झाली. काठावर एकच मोठं झाड. त्याला लेफ लटकत होता. मान एका खांद्यावर पडलेली. एक बूट निघून खाली पडला होता आणि कॉफीची पिशवी फुटून सांडली होती. ऑरिननं दोर कापला. त्याला खांद्यावर घेऊन खाली आणला, बूट घातला, तोंडावर ती गोफाची टोपी ठेवली. लांडगे येतील म्हणून वर दगड रचले. अंधार पडेपर्यंत रचत होता. रडला नाही.

मग त्याला पलीकडच्या तीरावर जाळ दिसला.

तिघं होते. घोडेचोर धरायला पगारावर ठेवलेली माणसं, म्होरक्याचं नाव डटन. ऑरिन पाण्यातून चालत जाळापाशी गेला आणि घोडी कशी आली, रीत काय, सगळं सावकाश सांगितलं. डटन ढोसत होता. म्हणाला, "तोही हेच सांगत होता. आधी हसत सांगत होता." मग विचारलं, "तुझा कोण लागत होता रे तो?"

"माझा होता," ऑरिन म्हणाला.

ते हसले. पहिल्याचं हसणं ऑरिनच्या गोळीनं तोंडातच मोडलं. दुसरा बंदुकीकडं वाकला तो वाकलेलाच पडला, केस जळायला लागले. तिसरी गोळी उडालीच नाही. डटननं सुरा काढला आणि ऑरिनचं पोट या कडेपासून त्या कडेपर्यंत उघडलं. ऑरिननं जाळातलं जळकं लाकूड उचललं आणि डटनच्या तोंडावर घातलं. पुन्हा घातलं. डटनचे पाय हलायचे थांबले तरी घालत होता.

मग उरला तो, आणि नऊ मैल.

घोड्यावर कसा चढला, त्यालाही ठाऊक नाही. एक हात लगामाला, एक हात पोटात. वाटेत त्याला वाटलं, उतरावं. बर्फावर निजावं. लेफ तिकडं, आपण इकडं कशाला? पण घोडा थांबेना.

टेकडी ओलांडली...

खोपटीच्या खिडकीत दिवा होता.

आधी घरी पोचेल त्यानं दिवा लावायचा, असं त्या दोघांचं होतं. तिसऱ्या कुणाला हे ठाऊक नव्हतं.

दार ढकललं. चूल पेटलेली. पाणी उकळत होतं. पाण्यात काहीतरी पांढरं हलत होतं. केस.

दिव्याच्या आड कुणीतरी उभं होतं. टोपी खाली ओढलेली. टोपीला गोफ नव्हता.

मान... एका खांद्यावर.

ऑरिन बाजेवर पडला. हात आले. नदीच्या तळातल्या दगडासारखे गार. सुई शिरली. ओरडला नाही तो. एक टाका. दोन. मोजत होता. सहाव्याला त्यानं विचारलं,

"हिनहिनू का रे?"

...

हात तेवढा क्षणभर थांबला. मग सातवा टाका.

अकराव्याला दिवा विझला.

सकाळी चूल थंड. राख त्यानं काल सोडली होती तशीच. पण पोट शिवलेलं. अकरा टाके, पांढऱ्या केसांचे, गाठी सगळ्या उलट्या. तुळईकडं बघितलं. सुई नव्हती. बाजेखाली, कपाटावर, कुठंच नव्हती. त्या रात्री बर्फ पडलं.

शेजारच्या हद्दीवरचा राखणदार क्लेम त्याला रोज हद्दीच्या दगडापाशी भेटायचा. दोन दिवस ऑरिन तिथं आला नाही, म्हणून तो बघायला आला. टाके बघून तो म्हणाला, "कुणी घातले?" ऑरिन म्हणाला, "मला आधी लेफला घरी आणायचाय." क्लेमनं त्याला बर्फगाडीवर गोधड्यांत गुंडाळला आणि उतारापाशी नेला.

दगडांवर हातभर बर्फ. कोरं. कोल्ह्याचासुद्धा पाय उमटलेला नाही. क्लेमनं बर्फ झाडलं. एकेक दगड उचलला. जसे रचले तसेच होते. शेवटचा दगड निघाला तसा ऑरिन खाली उतरला आणि त्यानं स्वतः लेफच्या तोंडावरची टोपी काढली.

क्लेम म्हणतो, ऑरिन त्या दिवशी पहिल्यांदा रडला. आणि रडता रडता शिवीही दिली, नेहमी सुई सापडली की द्यायचा तीच.

कॉलरला टोचलेली होती. नेढ्यात वीतभर पांढरा केस अजून ओवलेला.