एका वेळी एकच आकडा

शिरवेळच्या किनाऱ्यावर त्या दिवशी दोघेजण एकाच पेटीकडे बघत होते आणि दोघांना वेगवेगळं दिसत होतं. अकरा वर्षांच्या उर्मी तांडेलला दिसत होतं ३१.४२. आकडे लालभडक, ठळक आणि स्थिर होते. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या 'राखण' या रोबोला मात्र कधी नुसता ३ दिसे, कधी १, कधी ४, तर कधी २.

राखण सहा वर्षांपासून कासवांची घरटी सांभाळत होता. पेटीशेजारच्या घरट्यात, वाळूखाली, समुद्री कासवाची एकशे अठरा अंडी होती आणि त्यांना चाळीस दिवस झाले होते. वाळूचं तापमान त्या जुन्या पेटीवर दिसायचं. राखण दर तासाला ते डोळ्याने वाचून नोंदवायचा. काल त्याला नवा डोळा बसवला होता. धावत्या खेकड्याचे पायसुद्धा मोजता येतील असा तो वेगवान डोळा होता. आणि आज सकाळी राखणने कळवलं, की पेटी बिघडली आहे.

हे ऐकून उर्मीच्या आईने गाडी मागवली. किनाऱ्यावरच्या कासव-राखणीचं काम तिच्याकडे होतं आणि नियम तिला पाठ होता: तापमानाचा भरवसा उरला नाही, तर अंडी त्याच दिवशी मोठ्या केंद्रात हलवायची. चार वाजता गाडी येणार होती. पण चाळीस दिवसांची अंडी जराशी जरी उलटीपालटी झाली तरी आतली पिल्लं दगावतात. दुसरा तापमापक खुपसायचा तर घरटं उकरावं लागलं असतं. आई म्हणाली, की माझ्या डोळ्यांना आकडा नीट दिसतो, पण ते पुरेसं नाही. नोंद राखणची धरली जाते.

पेटी दत्ताराम आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, तरुणपणी स्वतः बनवली होती. त्यांची सगळी हयात उपकरणं बनवण्यात गेली. उर्मी धावत त्यांच्याकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आपली पेटी खोटं बोलते असं कुणी म्हणावं, हे त्यांना लागलं असावं. पण ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की राखणला तीन दिसतो तेव्हा तो कुठे दिसतो?

हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. उर्मी परत आली आणि तिने राखणला त्याने टिपलेली छायाचित्रं छातीवरच्या पडद्यावर दाखवायला सांगितलं. तिने पातळ कागद पडद्यावर ठेवून एकेक चित्र गिरवलं. पहिल्यात फक्त डावीकडचा ३ पेटलेला होता, बाकी तीन जागा काळ्या. दुसऱ्यात दुसऱ्या जागेवर १ आणि त्याच्या पायाशी ठिपका. मग तिसऱ्या जागेवर ४, शेवटच्या जागेवर २. तिने चारही कागद एकावर एक ठेवून उन्हात धरले.

कागदांवर ३१.४२ उमटलं होतं.

"म्हणजे तुझं खोटं नाही," ती राखणला म्हणाली, "आणि माझंही नाही. पण असं का?"

तोवर आजोबा काठी टेकत येऊन पोचले होते. ते वाळूत बसले आणि काठीने त्यांनी इंग्रजी आठचा आकडा काढला. प्रत्येक आकडा सात छोट्या दिव्यांच्या पट्ट्यांचा असतो, ते सांगू लागले. आठ दाखवायचा तर सातही पट्ट्या पेटवायच्या, एक दाखवायचा तर उजवीकडच्या दोनच. ठिपक्याचा दिवा आठवा. असे चार आकडे, म्हणजे किती दिवे?

"बत्तीस," उर्मी म्हणाली.

प्रत्येक दिव्याला वेगळी तार द्यायची तर बत्तीस तारा झाल्या. पण पेटी चालवणाऱ्या चिपला (विचार करणाऱ्या चिमुकल्या तुकड्याला) पायच, म्हणजे तारा जोडायचे काटे, अठरा होते. मग आजोबांनी तारा सामाईक केल्या. चारही आकड्यांची वरची पट्टी एकाच तारेवर, मधली पट्टी एका तारेवर. अशा आठ तारा. शिवाय प्रत्येक आकड्याला 'आता तुझी पाळी' असं सांगणारी एकेक तार. आठ आणि चार, बारा तारांत काम भागलं.

उर्मी विचारात पडली. तारा सामाईक असतील तर चारही जागी सारखाच आकडा दिसायला हवा, असं तिने बोलून दाखवलं. आजोबांना हीच शंका हवी होती. म्हणून तर पाळी, ते म्हणाले. चिप आधी तीनच्या पट्ट्या निवडते आणि फक्त पहिल्या जागेला वीज देते. मग ती विझवते, एकच्या पट्ट्या निवडते आणि दुसऱ्या जागेला देते. या युक्तीला मल्टिप्लेक्सिंग (सामाईक तारांवर पाळीपाळीने काम करणं) म्हणतात. एकेक पाळी सेकंदाच्या पाचशेव्या भागाएवढी. एका सेकंदात अशा सव्वाशे फेऱ्या होतात.

त्यांनी पेटीचं झाकण उघडून पाळीचा वेग कमी-जास्त करणारं आतलं बटण हळूहळू फिरवलं. आकडे आधी थरथरले, मग नाचू लागले, आणि शेवटी उर्मीलाही नुसता ३ दिसला, मग १, मग ४, मग २. आजोबांनी बटण मागे फिरवलं आणि चारही आकडे पुन्हा एकत्र उभे राहिले. डोळ्यावर पडलेला उजेड क्षणभर रेंगाळतो, त्याला दृष्टिसातत्य (दिसलेलं चित्र थोडा वेळ टिकणं) म्हणतात. विझलेला आकडा डोळ्यातून पुसला जाण्याआधीच पुन्हा पेटतो.

"माझा जुना डोळा संथ होता," राखण म्हणाला. "एका चित्रात त्याला पाच फेऱ्या मिळत. नव्या डोळ्याच्या चित्रात अर्धी पाळीसुद्धा मावत नाही."

"मग एका चित्रावर विसंबू नकोस," उर्मी म्हणाली. "लागोपाठची चाळीस घे आणि माझ्या कागदांसारखी एकावर एक ठेव."

राखणने चाळीस चित्रं टिपली आणि एकावर एक ठेवली. मग त्याने नोंद वाचून दाखवली: तापमान एकतीस पूर्णांक बेचाळीस. उपकरण ठीक. सकाळची नोंद चुकीची होती, असंही त्याने स्वतःहून खाली लिहिलं. आईने गाडी रद्द केली आणि ती घरट्याजवळ बसली. तिचे डोळे भरून आले होते.

तेरा दिवसांनी, पहाटे उजाडताना, वाळू हलू लागली. एकशे चार पिल्लं समुद्रात गेली. आजोबा शेवटचं पिल्लू लाटेत शिरेपर्यंत उभे होते.

त्या सुट्टीत उर्मीने एका मोठ्या फलकाचा आराखडा काढायला घेतला. किनाऱ्यावरच्या बाराही घरट्यांचं तापमान एकाच जागी दिसावं, अठ्ठेचाळीस आकडे, पण पट्ट्यांच्या तारा त्याच आठ. काढता काढता ती अडली. इतके आकडे पाळीत उभे राहिले तर प्रत्येकाच्या वाट्याला क्षणाचा अगदीच कण येणार. मग ते अंधूक दिसतील, की थरथरतील? पाळीत जास्तीत जास्त किती आकडे बसवता येतील, असं तिने आजोबांना विचारलं.

"मी कधी चारापलीकडे गेलोच नाही," आजोबा म्हणाले. "तू पाचवा जोड. मग बघू."