साठवलेली वर्षं

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात चिखलदऱ्याला राहायला खोली मिळणं मुश्कील होऊन बसे. परतवाडा सोडलं की घाटात गाड्यांची रांग लागे. त्यांत सहलीला आलेले थोडेच असत. बाकीचे सगळे आपापल्या घरची वडीलधारी माणसं न्यायला आलेले. मागच्या सीटवर स्वेटर, उबदार मोजे, मऊ भाताचा डबा. सुप्तिगृहाच्या लांबलचक दालनात एकेकाला हळूहळू ऊब देऊन जागं केलं जाई. कुणी वर्षभराने डोळे उघडत, कुणी दोन वर्षांनी. या आठवड्याला लोकांनी ‘उठवणी’ असं नाव पाडलं होतं, आणि एव्हाना त्यात कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं.

अमरावतीच्या हेमंतराव ढोल्यांनाही तिथे नेणारी गोष्ट तशी घरोघरचीच होती. ते जलसंपदा खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. पत्नी शुभांगीताई महापालिकेच्या दवाखान्यात औषधं देत असत, त्याही पाठोपाठ निवृत्त झाल्या. एकुलती एक मुलगी रेवा ऑस्ट्रेलियात, पर्थला. ती दिवाळीत नवरा आणि लहानग्या ताराला घेऊन तीन आठवडे येई. त्या तीन आठवड्यांत हेमंतराव पहाटे उठून संत्री निवडून आणत, ताराला खांद्यावर घेऊन कॉलनीभर मिरवत. मग विमानतळावर हात हलवून झाला की ते घरी येऊन खुर्चीत बसत, ते जवळजवळ पुढच्या दिवाळीपर्यंत. मध्ये फक्त फोन. रेवाने उचलला नाही तर परत फोन, मग तिच्या आईकडे तक्रार.

“तिला तिचं घर आहे, नोकरी आहे,” शुभांगीताई म्हणत. “दिवसातून तीनदा काय बोलेल ती तुमच्याशी?”

“मग मी करू काय दिवसभर?”

याला शुभांगीताईंकडे उत्तर होतं, पण ते हेमंतरावांच्या उपयोगाचं नव्हतं. त्या वरच्या मजल्यावरच्या कल्पना गावंडे यांच्याबरोबर फिरायला जात, वाचनालयात जात. नवऱ्याला दोनदा बरोबर नेऊन पाहिलं. दोन्ही वेळा ते घड्याळ बघत बसले.

सुप्तीची माहिती त्यांना टीव्हीवर मिळाली आणि पुढच्याच आठवड्यात दोघं डॉक्टर नायला काझी यांच्यासमोर बसली होती.

“थंड मुलखातली अस्वलं हिवाळाभर झोपतात, ते ऐकलं असेल,” डॉक्टर म्हणाल्या. “आपल्या मेळघाटातलं नाही झोपत, त्याला गरज पडत नाही. माणसाच्या मेंदूतही ती जुनी सोय शिल्लक आहे, फक्त बंद पडलेली. आम्ही शिशिरक नावाचं औषध देतो. ते मेंदूला सांगतं की हिवाळा आला. शरीर थंड होतं, काळीज मिनिटातून चार-पाचदाच ठोके देतं, पेशींचं काम अगदी मंदावतं. वर्षभर झोपलात तर वय महिन्याभरानेच वाढतं.”

“म्हणजे अकरा महिने वाचले.”

“वाचले असं आम्ही म्हणत नाही. खर्च झाले नाहीत, एवढंच.”

“एकच आहे ते,” हेमंतराव म्हणाले. त्यांचा सगळा जन्म धरणांवर गेला होता. “पाणी नदीतून वाहू दिलं तर वाया जातं. साठवलं आणि लागेल तेव्हा सोडलं की पुरतं. माझी वीसेक वर्षं उरली असतील, डॉक्टर. ती रिकाम्या महिन्यांत कशाला वाहू द्यायची? लेक येईल तेव्हा उठवा. एरवी झोपू द्या.”

डॉक्टरांनी शुभांगीताईंकडे पाहिलं. “तुम्हीही येताय?”

“मी नाही,” त्या म्हणाल्या. “मला फेब्रुवारी महिना आवडतो.”

“फेब्रुवारीत काय असतं?” हेमंतरावांनी विचारलं.

“काही नसतं. म्हणूनच.”

त्या वेळी ते हसले होते. घरी मात्र दोन महिने वाद झाला, अबोला झाला. शेवटी शुभांगीताईंनीच त्यांची बॅग भरली. हा माणूस इथे जागा राहून सुखी नाही, हे त्यांना दिसत होतं. आणि त्याला सुखी करणं आपल्या हातात नाही, हे मान्य करायला त्यांना ते दोन महिने लागले होते.

पहिली काही वर्षं हेमंतरावांच्या मनासारखी गेली. रेवाला निरोप देऊन ते चिखलदऱ्याला जात, डोळे मिटत, आणि उघडत तेव्हा रेवा यायची असे. त्यांच्या लेखी आयुष्य म्हणजे एकामागून एक दिवाळ्या झाल्या. खुर्ची, खिडकी, न उचललेले फोन, सगळं पुसलं गेलं.

पण मधला काळ फक्त त्यांच्यापुरता पुसला गेला होता. काल मांडीवर झोपलेली तारा आज पायाला हात लावून बाजूला उभी राही. परवा सुरू केलेली गोष्ट ते पुढे सांगायला लागत, आणि तिला ती गोष्ट सुरू झाल्याचंही आठवत नसे. एकदा त्यांनी तिच्यासाठी हौसेने घोडा केला, पाठ वाकवून उभे राहिले, आणि ती अवघडून आईकडे बघायला लागली. ती बारा वर्षांची झाली होती.

“तिला माझी ओढ राहिली नाही,” ते रेवाला म्हणाले.

रेवा भांडी आवरत होती. ती थांबली. “ओढ आहे, बाबा. सवय नाहीये. आणि खरं सांगू? मलाही दडपण येतं. मी येते म्हणून तुम्हाला उठवतात. मग एक दिवस मला सर्दी झाली, की एक दिवस नुसतं लोळत पडले, की वाटतं मी तुमचं वर्ष वाया घालवलं. मला माहेरी नुसतं यायचंय कधीतरी.”

हेमंतरावांना ते लागलं. पण चार दिवसांत रेवा गेली आणि ते झोपायला गेले. लागलेलं विसरायला जो काळ लागतो, तोही त्यांना मिळाला नाही. पुढच्या वेळी डोळे उघडले तेव्हा ते शब्द कालचेच होते.

मग असं झालं की रेवाची नोकरी बदलली, तिच्या सासूबाई आजारी पडल्या, आणि तिला तीन वर्षं येताच आलं नाही. लेक येईल तेव्हाच उठवायचं, असं हेमंतरावांनी लिहून दिलेलं होतं. सुप्तिगृहाने ते पाळलं.

तीन वर्षांनी जाग आली तेव्हा त्यांना न्यायला शुभांगीताई काठी टेकत आल्या. चालताना एका बाजूला झुकत होत्या.

“हे काय?”

“खुबा मोडला होता. गच्चीवर कपडे वाळत घालताना पडले. आता दीड वर्ष झालं त्याला.”

“आणि मला उठवलं नाही?”

“तुम्हीच तसं सांगून ठेवलं होतं. विचार केला होता मी. पण तुम्हाला गरम करून, हिंडतं-फिरतं करायला आठवडा लागतो. तोवर कल्पनाने मला दवाखान्यातून घरी पण आणलं. महिनाभर माझ्याजवळ झोपली ती.”

गाडी घाट उतरत होती.

“तुला माझा राग आला असेल.”

“पहिल्या वर्षी आला होता,” शुभांगीताई साधेपणाने म्हणाल्या. “तेव्हा तुम्ही झोपले होते.”

त्या दिवाळीत त्यांनी बायकोकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. घर तिचं झालं होतं. पलंगाची दिशा बदलली होती. तिच्या बोलण्यात त्यांना ठाऊक नसलेली नावं येत. ती पेटी शिकली होती आणि बरी वाजवत होती. त्यांच्यासाठी जागा करताना ती शोधाशोध करत होती. लग्नानंतर नव्या घरात येऊन त्यांचा टॉवेल कुठे, चहात साखर किती, हे तिने शोधलं होतं, तसंच. पाहुणे होते ते.

रेवा परत गेल्यावर खुब्याच्या तपासणीला हेमंतराव शुभांगीताईंना घेऊन गेले. नाव लिहून घेणाऱ्या मुलीने सहज विचारलं, “मोठ्या ताई का तुमच्या?”

“हो,” शुभांगीताई लगेच म्हणाल्या, “आणि हा माझा भाऊ, ऐकत नाही अजिबात.” मुलगी हसली. त्याही हसल्या. हेमंतराव मात्र तिथल्या तिथे वयांचा हिशोब करत बसले. सुप्तीत जायला लागून चौदा वर्षं झाली होती. शुभांगी बहात्तरची होती. ते स्वतः अजून त्रेसष्टचेच.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच चिखलदऱ्याला गेले. डॉक्टर काझींचे केसही आता पांढरे झाले होते.

“मला आता झोपायचं नाही,” ते म्हणाले.

“चांगलं आहे. कुणी जबरदस्ती केलेली नाही.”

“पण माझी दहा वर्षं जास्तीची झाली आहेत. ती तिच्याबरोबर वाटून घेता येत नाहीत का?”

“नाही. वय एकाचं दुसऱ्याला देता येत नाही.”

“नाही, पण गणित करता येतं,” हेमंतराव पुढे झुकले. रात्रभर त्यांनी हाच विचार केला होता. “आता तिला झोपवा. मी जागा राहतो. दहा वर्षांनी मी त्र्याहत्तरचा होईन, तीही त्र्याहत्तरचीच असेल. मग बरोबरीने राहू, बरोबरीने म्हातारे होऊ.”

त्यांनी आणलेले शुभांगीताईंच्या तपासणीचे कागद डॉक्टरांनी चाळले. “त्यांची तब्येत झेपेल अशी आहे. शास्त्र तुमच्या बाजूने आहे, ढोलेसाहेब. पण आधी त्यांना विचारा.”

घरी येऊन त्यांनी विचारलं. सगळं नीट, टप्प्याटप्प्याने समजावलं, साइटवर मजुरांना समजावत तसं. शुभांगीताईंनी ऐकून घेतलं. त्या गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या, हात थांबले नाहीत.

“म्हणजे दहा वर्षं मी तिथे आणि तुम्ही इथे.”

“हो. पण नंतर…”

“आणि या दहा वर्षांत तुम्ही काय करून राहाल?”

“तुझी वाट बघेन.”

आता त्यांचे हात थांबले. नवऱ्याकडे पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि बरीचशी माया.

“अहो, वाट बघता येत नाही म्हणून तर तुम्ही झोपायला गेले होते.”

हेमंतरावांनी परातीतल्या मूठभर शेंगा आपल्याकडे ओढल्या.

“देठ काढा,” शुभांगीताई म्हणाल्या. “दोन्हीकडचे.”

ते जागे राहिले. सुरुवातीचे महिने सोपे नव्हते. दुपार सरता सरत नसे. पेटीचा रियाज चालू असताना त्यांनी बोलायचं नाही, हा नियम त्यांच्या अंगवळणी पडायला वेळ लागला. एकदा ते चिडून म्हणाले की या घरात माझं काय आहे, तेव्हा शुभांगीताई म्हणाल्या, “अजून काही नाही. हळूहळू होईल.” आणि झालंही. त्यांनी कॉलनीतल्या गळक्या टाक्यांची कामं अंगावर घेतली. ओळखी झाल्या. रेवाचा फोन आठवड्यातून एकदा येई आणि त्यात बोलण्यासारखं काही असे. पुढच्या दिवाळीला जमणार नाही, असं ती चाचरत म्हणाली, तेव्हा ते म्हणाले, “उन्हाळ्यात ये. नाहीतर त्यानंतर ये. मी इथेच आहे.” पलीकडे रेवाने ताराला बोलावलं आणि तारा त्यांच्याशी चक्क वीस मिनिटं आपल्या मैत्रिणीशी झालेल्या भांडणाबद्दल बोलत बसली.

हेमंतरावांना वाटलं, जमलं. इतक्या उशिरा का होईना, जमलं.

कुणाची किती वर्षं उरली, हे गणित त्यांनी मनातून काढून टाकलं होतं. शुभांगीताईंनी काढलं नव्हतं. त्यांनी नवऱ्याच्या ओळखी करून दिल्या त्या सगळ्या साठीच्या आतल्या माणसांशी. त्यांना कुकर लावायला शिकवला, मग भाजी, मग पोळ्या. “तू आहेस ना,” असं ते म्हणाले की त्या पुढचा गोळा त्यांच्यासमोर ठेवत. आणि एके दिवशी त्यांनी जाहीर केलं की आता दर गुरुवारी संध्याकाळी मी कल्पनाकडे जेवणार. तुम्ही तुमचं करायचं आणि वेळेवर जेवून घ्यायचं.

पहिल्या गुरुवारी त्या खाली आल्या तेव्हा टेबलावर दोन ताटं वाढलेली होती आणि हेमंतराव समोर बसले होते.

“थांबले काहून?” त्या जवळजवळ रागावल्या. “जेवायचं होतं ना.”

“एकट्याने घास उतरत नाही.”

“उतरेल. सवय करा.”

पुढच्या गुरुवारीही ते थांबले. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्यांनी अर्धी पोळी खाल्ली. शुभांगीताई दर वेळी विचारत, काय केलं होतं, किती खाल्लं, आणि शिकवणीच्या बाईसारखं ऐकून घेत.

पावसाळा संपत आला तेव्हाच्या एका गुरुवारी त्या वरून आल्या. बाहेरच्या खोलीत हेमंतराव दिवा लावून पेपर वाचत होते. त्या स्वयंपाकघरात गेल्या. ओटा पुसलेला होता. वाटीत थोडं वरण झाकून ठेवलेलं. रॅकवर एक ताट, एक वाटी, एक पेला, धुऊन पालथे घातलेले.

“जेवलो,” बाहेरून हेमंतराव म्हणाले. “दोडक्याची केली होती. चांगली झाली होती.”

“छान,” शुभांगीताई म्हणाल्या.

त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत, म्हणून हेमंतराव पेपर ठेवून बघायला गेले. त्या ओट्याला धरून उभ्या होत्या, आणि कोरडं झालेलं ते एक ताट पुन्हा पुसत होत्या.