चर्चमध्ये रडलेली रायफल

संत निकोलसच्या सणाचं प्रवचन रंगात आलं होतं. फादर सिमेऊन ते गाऊनच सांगत. त्यांचा सूर घुमटाला टेकला की ऐकणाऱ्याच्या छातीत घट्ट बसलेलं काहीतरी सैल व्हायचं.

त्याच वेळी भिंतीवरच्या रायफलीच्या लाकडी दस्त्यातून एक तपकिरी थेंब ओघळला. मग दुसरा.

"मिलेंतिये रडतोय," एक म्हातारी पुटपुटली.

सगळं चर्च गुडघ्यांवर आलं.

रोसांदा दुपारी पोचली. जुन्या लष्करी बंदुकांची खरी-खोटी पारख करणं हे तिचं जिल्हा संग्रहालयातलं काम. रायफल उघडून तपासा आणि दाखला द्या, असा फादरांचा निरोप तिला शरदातच मिळाला होता. सण झाला की येते, असं तिने कळवलंही होतं. आज मात्र फादरांनी फोन करून तिला लगेच बोलावलं.

रायफलीची गोष्ट गावाला पाठ होती. एकोणीसशे पंधराच्या हिवाळ्यात गाव पळून चाललं होतं. बायकापोरांना नदी ओलांडता यावी म्हणून दोन शिपाई उतारावर मागे थांबले. मिलेंतिये लढत मेला, ओब्रेन पळाला. प्रेत कुणाचंच सापडलं नाही. सापडली ती उतारावर पडलेली ही रायफल, आणि ती मिलेंतियेची म्हणून आणली त्याच्या भावाने. तेव्हापासून मृतांची नावं गाताना मिलेंतियेचं नाव पहिलं येई. ओब्रेनचं नाव एकदाही गायलं गेलं नव्हतं.

रोसांदाने थेंब बोटावर घेऊन हुंगला. मग रायफलीखालच्या शेगडीकडे पाहिलं.

"ही कधी पेटवली?"

"या हिवाळ्यात आजच," फादर म्हणाले. "सणाला पेटवतो दरवर्षी."

"रायफल तेव्हाही इथेच असायची?"

"याच खिळ्यावर."

"आणि कधी रडली नाही?"

"कधीच नाही. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

रोसांदाने रायफल उतरवली आणि खिडकीपाशी नेली.

"फादर, माफ करा. हे अश्रू नाहीत. लष्कर जास्तीच्या बंदुका पेट्यांत भरून ठेवतं तेव्हा गंजू नयेत म्हणून त्यांना दाट ग्रीस थापतं. ते लाकडात मुरतं, आणि कितीही वर्षांनी ऊब लागली की पाझरतं. जी रायफल नदीवरून थेट या भिंतीवर आली, तिच्यात ग्रीस कुठून येणार? हा कारखान्याचा शिक्काही कानशीने घासलाय. नळी आतून बुजवलीय. अशा रायफली शिकारीच्या दुकानात शोभेला मिळतात. तुमची खरी कुणीतरी बदलली."

"कुणीतरी कशाला?" मागून आवाज आला. मिलेंतियेचा नातू विदोये. सत्तरी ओलांडलेला, चर्च समितीचा अध्यक्ष. "किल्ली एकट्या ग्वोझ्देनकडे असते. त्या घराण्याच्या रक्तातच आहे. पोलिसांना बोलवा, फादर."

ग्वोझ्देन चर्चची झाडलोट करायचा, घंटा वाजवायचा. ओब्रेनचा नातू. साठीतही त्याचे अर्धे केस तांब्यासारखे लाल होते. आयुष्यभर तो दाराशीच उभा राहत आला होता. पुढे ये असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. आताही तो तिथेच होता. चोरीचा शिक्का बसला तर चाकरी जाणार होती, चर्चमागची खोली जाणार होती. आणि पळपुट्याचा नातू चोरच निघाला, हे गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगत बसणार होतं.

"किल्ली आणखी कुणाला दिली होती?" रोसांदाने विचारलं.

"विदोयेकाकांना. शरदात ते रायफल घरी नेतात. अक्रोडाचं तेल लावून परत आणतात."

"आजोबांची रायफल मी नाही पुसायची, तर हा पुसणार?" विदोये म्हणाला.

"कपाळावर काय लागलंय, ग्वोझ्देनदादा?"

ग्वोझ्देन ओशाळला. कपाळावर तपकिरी क्रूस वाळला होता. "थेंब खाली पडला, तो मी लावून घेतला. आमच्या म्हाताऱ्याला माफ कर म्हटलं मिलेंतियेला."

"नाटकं," विदोये म्हणाला. पण त्याने मान फिरवली.

रोसांदाने पोलिसांना बोलावणं थोडं थांबवायला सांगितलं. विदोयेच्या घराचाही रक्षक संत निकोलसच, आणि सणाला आलेल्या पाहुण्याला दारातून परत पाठवता येत नाही. ती फादरांना घेऊन गेली. सुनेने सणाच्या प्रसादाचे चमचाभर गोड गहू दिले, वाइन ओतली.

पूर्वेच्या भिंतीवर संताचं चित्र होतं, त्यापुढे दिवा. आणि पश्चिमेला, जुन्या लाकडी पेटीच्या झाकणावर, आणखी एक दिवा.

"तो कुणासाठी?"

"असाच."

"काय विचारता बाई," सून म्हणाली, "शरदापासून लावतायत. मला हात लावू देत नाहीत."

विदोयेने तिच्याकडे पाहिलं. ती पुन्हा वाइन ओतू लागली.

रोसांदाने चमचा खाली ठेवला. "खरी रायफल मिळाली की आधी दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी काढीन. शिपाई मागचं लाकूड कोरून आपल्या जिवाभावाचं काहीतरी ठेवायचे."

"तिथे काही नाही. नुसतं कोरलेलं भोक आहे."

"काका, पट्टी न काढता भोक कसं दिसलं?"

विदोयेने वाइनचा पेला दूर सारला.

"मी सांगू? ग्वोझ्देनने रायफल बदलली असती, तर तिचा थेंब त्याने कपाळाला लावला नसता. नकली वस्तूपुढे कुणी माफी मागत नाही. किल्ली मिळालेला दुसरा माणूस तुम्ही. शरदात पट्टी काढलीत आणि आत काहीतरी पाहिलंत. मी येऊन तेच पाहणार, हे कळल्यावर दुकानातून दुसरी आणून टांगलीत. हिवाळ्यात शेगडी पेटते, हे तेवढं विसरलात. विकण्यासाठी चोरणारा चोरीच्या मालापुढे दिवा लावत नाही. दिवा लावतो तो, ज्याला मन खातं. आत काय होतं, ते मला माहीत नाही."

विदोये उठला. दिवा उचलून त्याने सुनेच्या हातात दिला, पेटी उघडली. तागाच्या कापडात रायफल होती. तिच्याशेजारच्या वाटीतून त्याने मेणाची एक गोळी काढून फादरांच्या तळहातावर ठेवली.

फादरांनी ती लगेच ओळखली. बाप्तिस्म्यात बाळाचे केस कापतात आणि धर्मपिता ते मेणात वळतो. अशा कितीतरी गोळ्या त्यांच्या हातावरून गेल्या होत्या. मेण काळवंडलं होतं, पण त्यात अडकलेली बट दिव्यापुढे धरताच लाल चमकली.

"आमच्या घरात कुणाचे लाल केस नाहीत," विदोये म्हणाला. "त्याच साली ओब्रेनला पोरगा झाला होता. ग्वोझ्देनचा बाप. शेवटपर्यंत थांबला तो ओब्रेन. आमचा कुठे गेला, देव जाणे. जाळायला निघालो होतो, फादर. पोराचे केस आहेत, हात धजला नाही. मग नुसता दिवा लावत राहिलो."

"आणि ग्वोझ्देनला पोलिसांत देणार होतात?"

"हो," विदोये म्हणाला. "तेही केलं असतं मी."

बोलावल्यावर ग्वोझ्देन आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. फादरांनी गोळी त्याच्या हातात दिली, सगळं सांगितलं. त्याने ती उजेडाकडे धरून लाल बट पाहिली. मग म्हणाला, "बाबा आयुष्यभर टोपी घालून फिरले. उन्हाळ्यातसुद्धा. केस दिसू नयेत म्हणून."

विदोयेला मान वर करवली नाही.

रविवारी खरी रायफल खिळ्यावर परत आली. फादरांनी नावं गायला सुरुवात केली. पहिलं ओब्रेन. आणि त्यामागे मिलेंतिये. ते ठेवा, असं ग्वोझ्देनच म्हणाला होता.

नाव ऐकून, आता पुढे उभ्या असलेल्या ग्वोझ्देनने मागे वळून पाहिलं. दाराशी, त्याच्या नेहमीच्या जागेवर, विदोये एकटा उभा होता. ग्वोझ्देन गर्दीतून मागे गेला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"इथे वारा लागतो, काका," तो म्हणाला. "मला ठाऊक आहे. चला पुढे."