बाजेला धरलेला बोर्ड

वारंगा फाट्यावर माझं दुकान आहे. मोटार, पंखे, मिक्सर, कूलर, जे बंद पडेल ते मी उघडते. आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडमध्ये मी मुलींत पहिली आले होते. मुलींत मी एकटीच होते, ही गोष्ट वेगळी. सांगायचं एवढ्यासाठी की वायर, करंट, अर्थिंग यांच्या बाबतीत या पुनमला कुणी येड्यात काढू शकत नाही. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

फाट्यापासून चार किलोमीटरवर आमचं गाव. घरात तिघंच: आबा, माय आणि मी. आबांनी वीस वर्षं हळद पॉलिश करायच्या ड्रमवर काम केलं. ती धूळ छातीत बसली ती बसलीच. दोन वर्षांपासून त्यांच्या नाकात नळी आहे आणि बाजेशेजारी ऑक्सिजनचं मशीन. मशीन थांबलं की दहा मिनिटांत त्यांची नखं निळी पडतात.

भानगड प्लगची होती. घरात धड पॉइंट एकच, तोही दाराजवळ. आबांना सकाळी ओसरीत ऊन पाहिजे, दुपारी मधल्या घरात सावली. दिवसातून तीनदा बाज सरकायची, तिच्यामागं मशीन आणि मशीनमागं जमिनीवर लोळत एक्स्टेन्शन बोर्ड. शेळी त्याच्यावर पाय द्यायची. माय सारवायला बसली की शेणपाणी आत जायचं. प्लग सैल व्हायचा आणि मशीन टूं करून गप्प. घरी कुणी नसताना असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी मी आले तेव्हा आबा बाजेवरून खाली लोंबकळत प्लग चाचपत होते. ओठ जांभळे झाले होते. त्या दिवशी मी दुकानात जाऊन एकटी रडले.

ऑक्सिजन मोजायला डॉक्टरांनी बोटाला लावायचा चिमटा दिला होता. तो बोटावर असतानाच आबा म्हणाले, "ह्यो बोटाला धरतो, तसा बाजेला धरनारा बोर्ड काहून करत न्हाई तू? बाज जिकडं, तिकडं तो."

आमच्या उकंडरावांचं, म्हणजे आबांचं, डोकं अजून शाबूत होतं.

पहिला बोर्ड मी सायकलच्या कॅरिअरच्या स्प्रिंगवर बसवला. बाजेच्या गोल दांड्यावरून तो घसरून मान टाकायचा. दुसऱ्याला फिरवायचा स्क्रू दिला. घट्ट बसला, पण आबांच्या बोटांना तो फिरवता येईना. आणि त्यांना एका हातानं लावता-काढता आला नाही तर बोर्ड करून उपयोग काय? तिसऱ्याला मोपेडच्या स्टँडची स्प्रिंग लावली, पकडीच्या जबड्याला आतून खाच मारली, खाचेत सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलं. वर चार पॉइंट, तिरपे, म्हणजे पाणी साचायला नको. एक लाल दिवा. वायर ओढली तरी निसटू नये म्हणून आत गाठ. मला तो फार आवडला होता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मायनं दुकानातली सगळी हत्यारं घरी आणवली, पाटावर मांडली, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. त्यात बोर्डही ठेवला. त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. आमच्या गावात न्हावीसुद्धा कात्री धरत नाही. आणि दुपारी जमिनीवरचा जुना बोर्ड भिजून ठप्प झाला. मी पाटावरून नवा उचलला.

"पुने, इसाव्याला बसवलंय त्याला," माय म्हणाली. "उद्या लाव."

"आबांचा दम घेतो का उद्यापर्यंत इसावा?"

जबड्यावर कुंकू तसंच होतं. बोर्ड बाजेला कट्कन बसला आणि मशीन चालू झालं.

चार दिवसांनी दुपारी जेवायला घरी आले. लाईट गेलेली होती, ती रोजच जाते. इन्व्हर्टरची बॅटरी मी दुरुस्तीला नेलेली. तरी मशीन चालू होतं.

कुणीतरी तारेवर आकडा टाकलाय आणि उलटा करंट येतोय, हा माझा पहिला विचार. भिंतीतला प्लग उपसला. मशीन चालूच. बोर्डात टेस्टर घातला, टेस्टर पेटला. प्लग माझ्या हातात होता, त्याच्या पितळी पिना मला दिसत होत्या, आणि बोर्डावरचा लाल दिवा जळत होता.

आबा निवांत झोपले होते. बोटाला चिमटा लावला. सत्त्याण्णव. दोन वर्षांत मी हा आकडा पाहिला नव्हता.

बोर्ड त्याच वेळी काढायला हवा होता. लाईट येईपर्यंत मी तो काढला नाही.

काढला तेव्हा खालचं लाकूड बघितलं. बाज बाभळीची, कुऱ्हाड उसळून येईल अशी. तिथं माझं नख रुतलं. तेवढा तुकडा सुटून तळहातावर आला आणि त्याला वजनच नव्हतं.

मग मी रीतसर तपासायला घेतलं. वायर गुंडाळून ठेवली, बोर्ड हापशाच्या दांड्याला लावला: काही नाही. जात्याला लावला: नाही. लाकडी खुंटीला लावला, दिवा मिणमिणला. अंगणातल्या शेवग्याच्या फांदीला लावला तर असा पेटला की उन्हात दिसत होता. दोन तास ठेवला. सकाळी वारा नसताना फांदी खाली पडली. पाला हिरवागार. मायनं ती दोन बोटांनी उचलली, पिसासारखी, आणि कुडाला टेकवून ठेवली.

"झाडात जास्त हाय व्हय," एवढंच ती म्हणाली.

मला भीती वाटली, सरळ सांगते. बोर्ड पोत्यात गुंडाळून ट्रंकेत टाकला, दुरुस्त झालेली बॅटरी घरी आणली, जुनाच बोर्ड कोरडा करून लावला. नवा मोडला का नाही, असं तुम्ही विचाराल. सत्त्याण्णव, म्हणून.

परतीचा पाऊस वाऱ्यासकट आला. शिवारात खांब आडवे झाले, डीपी जळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्व्हर्टर शेवटच्या काडीवर आला. मी ऑटो करून सिलिंडर आणायला हिंगोलीला गेले. माझ्यासारखेच बरेच जण आले होते. नंबर लागायला तीन वाजले. निघताना घरी फोन लावला.

"माय, आबा कसे हायेत?"

"बरे हाईत. झोपलेत."

"मशीन?"

"चालू हाय." फोनमधून त्याची घरघर मला ऐकू येत होती.

"लाईट आली का?"

"सावकास ये, पोरी. रस्त्यानं चिखल हाय."

गावात शिरलो तेव्हा गिरणी बंद होती. जळालेली डीपी तशीच उघडी होती. कुणाच्या घरात बल्ब नाही, पंखा नाही.

आमच्या घरातून मशीनचा आवाज येत होता.

ट्रंक उघडी होती. आबा गाढ झोपलेले, गाल गुलाबी. माय बाजेशेजारी भिंतीला टेकून बसलेली. उजव्या हातावर पदर ओढलेला.

मी पदर उचलला.

बोर्ड तिच्या मनगटाला होता, बांगड्यांच्या वर. लाल दिव्याकडं बघवत नव्हतं.

"माय, काय केलंस हे? कवापासून?"

"तू गेलीस अन् ते मशीन वरडायला लागलं. नखं निळी पडून राहिली होती त्याह्यची." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "झाडात इतकं, तर माणसात किती असंल, म्हणलं."

मी जबड्याला हात घातला. तिनं माझा हात बाजूला केला.

"आदी सिलिंडर लाव."

ऑटोवाल्यानं सिलिंडर आत आणून दिला. मी व्हॉल्व्ह उघडला, नळी बदलली. आबांचा श्वास चुकला नाही. मग मी जबडा दाबला. तो सहज उघडला.

मनगटावर काही नव्हतं. वळ नाही, डाग नाही. मी तिला धरून रडले. ती माझ्या दंडावरून हात फिरवत होती. हात लागल्याचं जाणवत नव्हतं, दिसत होतं म्हणून कळत होतं.

"दुकतंय का कुठं?"

"न्हाई गं. उलट हलकं वाटून राहिलं." ती उठली. "आबा उठतील आता. चहा टाकते. घरात पानी न्हाई, घेऊन येते."

दोन्ही घागरी घेऊन ती अंगणातून हापशाकडं गेली. मी ओसरीत पाय सोडून बसले. आतून आबांचा संथ श्वास ऐकू येत होता. थोड्या वेळानं ती परत आली, एक घागर डोक्यावर, एक कमरेवर, दोन्ही काठोकाठ. माझ्या शेजारून आत गेली. चुलीत काटक्या मोडल्याचा आवाज आला.

अंगणात घोट्याएवढा चिखल होता. माझ्या चपला टाचेपर्यंत रुतल्या होत्या, ऑटोवाल्याचे पायही. त्यातून एक कोंबडी नुकतीच गेली होती, तिची तीन-तीन बोटं स्पष्ट उठली होती.

हापशापर्यंत आणि हापशापासून दारापर्यंत चिखल कुठंच दबला नव्हता.