दहा नंबरचा पाना

तो मोबाईल खाली ठेव, तेजस. तासभर नाही पाहिलास तर तुझी कंपनी बुडणार नाही. आणि अपेक्षा, जिन्यातला दिवा राहू दे बंद, अंधारात ऐकायची गोष्ट आहे. खडकीचा दत्तोबा ठाऊक आहे ना, तो गॅरेजवाला? त्याच्याकडे भिंतीवर खिळ्याला एक काळानिळा पडलेला पाना टांगलाय. त्याला कुणी हात लावत नाही. का लावत नाही, ते दत्तोबाने मला एकदाच सांगितलं. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

तारीख मला पाठ आहे. तीस डिसेंबर दोन हजार चोवीस, सोमवार, सोमवती अमावस्या. रात्रीचे साडेनऊ. दत्तोबा पानावर बसणार तेवढ्यात उत्तरेश्वरचा फोन आला. उत्तरेश्वर म्हणजे ज्ञानदेवचा मुलगा. आणि ज्ञानदेव म्हणजे मंडईत भाजी आणणारा पिकअपवाला, मूळचा औशाकडचा, दत्तोबाचा जुना दोस्त. तो बरेच दिवस दवाखान्यात पडून होता, त्या संध्याकाळी गेला. जाताना पोराकडे एवढंच मागितलं, की मला माझ्याच गाडीतून घरी ने. गावी त्याची बायको विमलाबाई वाट बघत होती. नवरा बरा होऊन येतोय, असंच ती धरून बसलेली. उजाडायच्या आत गाव गाठायचं होतं, म्हणजे कुणी आगाऊ माणसाने फोन करायच्या आधी तिला लेकाच्या तोंडून कळलं असतं.

आणि गाडी सुरू होईना.

दत्तोबा तसाच पाने घेऊन निघाला. दवाखान्यापाशी, स्टेशनमागचा रस्ता, माणूस नाही काणूस नाही. थंडी तर मी म्हणत होती. पिकअप कडेला उभी, मागे हौद्यात पांढऱ्या चादरीखाली ज्ञानदेव. सेल्फ मारला की इंजिन नुसतं खाकरायचं, पकडायचं नाही. दत्तोबाने बॅटरीची टर्मिनलं घासली. थंडीत डिझेल पेटायला हीटर प्लग लागतात, ते तपासले, ठीक होते. फिल्टरमधलं पाणी काढलं. इतके दिवस उभी गाडी, पाइपात हवा धरली असेल म्हणून हातपंप मारून हवाही काढली. बॉनेट उघडं असलं की पुढच्याला केबिन दिसत नाही, सगळा कारभार आवाजावर. दत्तोबाने "मार" म्हणायचं, की उत्तरेश्वरने किल्ली फिरवायची. "बस" म्हटलं की सोडायची. असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी पोरगा स्टेअरिंगवर डोकं टेकून रडायला लागला.

"काका, आण्णाचं एवढंबी माझ्याच्यानं हुईना."

त्या गाडीचा नट न् नट दत्तोबाच्या हाताखालून गेलेला, आणि आज ती त्याचं ऐकत नव्हती. फार वाईट वाटत होतं त्याला. पुन्हा एकदा हवा काढून बघतो म्हणाला आणि बॉनेटखाली डोकं घातलं.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्ञानदेव किल्लीवर बसला की आधी दारावर दोनदा टकटक करायचा. म्हणजे दत्तोबाने पंख्याजवळचे हात मागे घ्यायचे, मगच सेल्फ. इतक्या वर्षांत त्यात कधी चूक नाही. पोराला मात्र ही सवय नव्हती.

दत्तोबाने हवा काढली. "मार," म्हणाला.

टक... टक.

त्याचे हात सवयीनेच मागे आले. सेल्फ फिरला. पोराने बापाचं उचललं, असं वाटून त्याला बरंच वाटलं हो.

"बस."

सेल्फ फिरतच होता.

"बस म्हणतो ना रे. बॅटरी जाईल."

थांबेना. दत्तोबाने घाईघाईने बोटाएवढा दहाचा पाना लावला. नट सैल केला. पाना बॅटरीवर ठेवला आणि टर्मिनल उचकटून काढलं. आता वीजच नाही. आता थांबायलाच हवं.

थांबलं नाही.

टर्मिनल हातात... आणि इंजिनने पकडलं. गाडी सुरू झाली.

दत्तोबा केबिनपाशी गेला. दार बंद. आत कुणी नाही. किल्लीच्या जागी किल्ली नाही.

तो मागे गेला. हौद्यात उत्तरेश्वर बसला होता, बापाचं डोकं मांडीवर घेऊन. किल्ली त्याच्या खिशात.

"कुत्रं आलं हुतं, काका. मयताला एकटं सोडत नसतेत, म्हणून मागं आलो. मघापास्नं हितंच हाय." मग त्याला इंजिनचा आवाज जाणवला. "गाडी... कुणी चालू केली?"

दत्तोबा पुढे येऊन बघतो तर बॅटरीवर पाना नव्हता. खालीही नव्हता. त्याने टर्मिनल हातानेच दाबून बसवलं आणि बॉनेट पाडलं. उत्तरेश्वर खाली उतरला, चालू गाडीत किल्ली घातली. हडपसरला त्याचा मेहुणा समर्थ चढणार होता.

"तेवढं हडपसरपतुर मागं बसता का, काका? आण्णा एकटा पडंल."

जुना दोस्त, आणि तासाभराचाही रस्ता नाही. हसू नकोस, तेजस. तू असतास तर काय केलं असतंस, ते मला ठाऊक आहे. दत्तोबाने हौद्याकडे पाहिलं. चादर हलत होती. वारा... नव्हता. त्याचा पाय उचलेना. त्याने नुसती मान हलवली, नाही म्हणून. पोरगा केबिनमध्ये चढला. गाडी गेली, आणि ज्ञानदेव मागे एकटाच गेला.

हडपसरला समर्थ चढला तेव्हा चादर सरकलेली होती. उजवा हात बाहेर, मूठ घट्ट. उजाडायच्या आत ते गावी पोचले, विमलाबाईला लेकानेच सांगितलं. आंघोळ घालताना मूठ उघडेना, म्हणून तशीच सरणावर ठेवली. तिसऱ्या दिवशी राख सावडताना हाताला लोखंड लागलं. दहा नंबरचा पाना. वर दत्तोबाने खिळ्याने कोरलेला 'द'.

कार्य उरकून उत्तरेश्वर पुण्यात आला तो थेट गॅरेजात. पाना पुसून आणला होता, दत्तोबाच्या हातात ठेवला. टोचायला नाही बोलला तो, अगदी समाधानाने बोलला. दत्तोबाला तेच लागलं.

"तुम्हाला न्हाई जमलं, काका. पर आण्णाला वाटंत सोबत झाली."