खिळ्यांची फळी

मामांना गोष्ट सरळ सांगताच येत नाही. जेवणं झाली, गच्चीवर सतरंजी पडली, आम्ही सगळी भाचरं गोळा झालो, तरी मामा अजून बॅटरीवरच होते. ती किती जड असते, दोघांनीच का उचलायची, तिच्या झाकणाचं रबर कसं कुजतं. शेवटी मी म्हटलं, "मामा, गोष्ट सांगताय की ट्रेनिंग देताय?"

"घाई असेल तर खाली जा," मामा म्हणाले. "ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझ्याच खात्यात फिटर आहे. त्याने मला सांगितलं तसंच मी सांगणार."

तेव्हा आता बॅटरीसकट ऐका.

मामांचं खातं किनाऱ्यावरच्या दिव्यांची देखभाल करतं, बोटींना खडक दिसावेत म्हणून लावलेल्या. मागच्या वर्षी, नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, त्या फिटरला लांबच्या एका दिव्याची बॅटरी बदलायला पाठवलं. सोबत त्याचा थोरला भाऊ, त्याच खात्यातला वायरमन. दादाचा ताप नुकताच उतरला होता, म्हणून वहिनी त्याला सोडायला तयार नव्हती. फिटरने तिला शब्द दिला, दादाला धडधाकट आणून दारात उभा करतो.

हा दादा धाकट्याला कधी नावाने हाक मारत नसे. गधड्या, पाना दे. गधड्या, जेवलास का. साहेबांसमोरसुद्धा गधड्याच. फिटर चिडायचा, आणि दादाला तेच हवं असायचं.

दिवा होता त्या बाजूला वस्ती नाही, रस्ता नाही, मोबाईलला रेंज नाही. पुढे समुद्र, मागे जंगल. अडकलेल्या माणसांसाठी जंगल खात्याने तिथे एक लाकडी खोली बांधून ठेवली आहे. तिला कुलूप नाही, आतून फक्त एक कडी. भिंतींना ठोकलेले फळ्यांचे पलंग, मधे लोखंडी शेगडी, दाराशी लाकडांची पेटी. येईल त्याने राहावं, आणि निघताना पुढच्यासाठी पेटी भरून ठेवावी. दोघांना उतरवताना बोटवाल्याने आणखी एक सांगितलं. अडलात तर खोलीत राहा, पण वाहून आलेली खिळ्यांची फळी तेवढी जाळू नका. फिटरने विचारलं, का. खिळे आहेत म्हणजे ती कुणाची तरी बोट होती, असं म्हणून त्याने नाव वळवली.

"एवढंच? पुढे काय होतं ते नाही सांगितलं?" मी विचारलं. नियम सांगायचा आणि कारण गिळायचं, ही मोठ्यांची जुनी खोड.

"एवढंच," मामा म्हणाले. त्यांनाही तीच खोड आहे.

काम झालं, पण तोवर वारा फिरला होता. लाटा अशा उठल्या की बोटीला खडकाजवळ येता येईना. बोटवाल्याने लांबूनच हातवारे करून सांगितलं, उजाडल्यावर येतो. दोघं खोलीकडे निघाले, शेवाळावरून दादाचा पाय सटकला, आणि तो गळ्यापर्यंत पाण्यात गेला. फिटरने त्याला कॉलर धरून बाहेर ओढला. वर दादाच त्याला ओरडला, गधड्या, शर्ट फाडलास.

खोलीत पोचले तेव्हा अंधार पडला होता. लाकडांची पेटी रिकामी. आधी राहून गेलेल्यांनी तळातला भुगासुद्धा जाळला होता. फिटरने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. जंगलातून फांद्या ओढून आणल्या, त्या ओल्या. काडी पेटायची, फांदी नुसती धुमसायची, आणि दादा पलंगावरून शिकवायचा. अशी नाही, तशी लाव. फुंकर खालून घाल. फिटरचं डोकं फिरलं. तो म्हणाला, तू गप्प बस.

आणि दादा खरंच गप्प बसला.

इतका वेळ तो कुडकुडत होता. तेही थांबलं. फिटरने आपले कोरडे कपडे त्याच्या अंगात घातले, गाल चोळले, हाका मारल्या. दादा हं म्हणायचा, पण लांबून म्हटल्यासारखं.

फिटर पुन्हा बाहेर धावला. टॉर्च मारत खोलीभोवती फिरला. खोली खांबांवर उभी होती, आणि खाली, पाणी पोचत नाही अशा जागी, एक फळी पडली होती. कोरडी ठणठणीत. निळा रंग लावलेली. कडेने गंजलेले खिळे.

त्याला बोटवाला आठवला. विसरला वगैरे नाही. पण भाऊ मरत होता.

"मीही जाळली असती," मी म्हटलं.

"कुणीही जाळली असती," मामा म्हणाले.

फळी पहिल्याच काडीला पेटली. शेगडी तापून लाल झाली. फिटरने दादाचा पलंग ओढायला बघितला, पण तो भिंतीला ठोकलेला. मग तो दादाच्या उशाशी बसला. आता ऊब लागेल. आता लागेल.

दार उघडलं.

वारा असेल म्हणून तो उठला, दार लोटलं. परत बसला. समोरचा पलंग करकरला. कुणी अंग टाकल्यावर करकरतो, तसा. टॉर्च मारला. पलंग रिकामा. फक्त फळ्यांवर ओल... पसरत होती.

मग बाजूचा करकरला.

मग त्याच्या पाठीमागे, अगदी जवळ, कुणीतरी हात चोळले. थंडीतून आलेला माणूस शेकताना चोळतो तसे.

शेगडी लाल होती. तिच्यासमोर धरलेला त्याचा हात मात्र गार. दादाचा गाल आणखी गार. सगळी ऊब मधेच कुणीतरी घेत होतं... सगळे मिळून.

त्याने हात जोडले. म्हणाला, थोडं सरका हो. माझा भाऊ आजारी आहे.

कुणी सरकलं नाही.

विस्तव ठेवावा तर तो यांना पोचत होता. विझवावा तर दादाला तेवढीही आशा नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी त्याने पाण्याचा कॅन उचलला आणि शेगडीत ओतला.

वाफ. अंधार. टॉर्चही लागेना.

पलंग करकरले. एकामागून एक. ओली पावलं दाराकडे गेली. दार उघडलं. बराच वेळ उघडंच राहिलं... मग आपटलं. फिटरने चाचपडत जाऊन कडी लावली. चाचपडत परत आला. पलंगावर हात फिरवला.

हात लागला. त्याने तो घट्ट धरला.

"दादा?"

"हं."

तो रडायलाच लागला. अंगाला अंग लावून आडवा झाला. दादा हळूहळू ऊबदार होत होता.

आणि बाहेरून, पायऱ्यांवरून, दारावर थाप पडली.

"गधड्या... दार उघड."

मामा इथे थांबले.  

फिटर उठून बसला. आवाज दादाचा होता. धाप लागलेला, चिडलेला. दुसरी थाप पडली, पहिलीपेक्षा हलकी.

"गधड्या..."

अंधारात त्याच्या हातातला हात आवळला गेला. कानाशी कुणीतरी हळूच म्हणालं, "उघडू नकोस."

तोही आवाज दादाचाच.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? कुणाचं ऐकायचं होतं त्याने?"

"टॉर्च आपटायचा होता, काडी ओढायची होती, तोंड बघायचं होतं. काहीतरी करायचं."

"हात ऊबदार होता," मामा म्हणाले. "त्याने हात धरून ठेवला."

थापा हळूहळू थांबल्या.

सकाळी बोट आली. पलंगावर दादा होता. तोच चेहरा, तेच फिटरचे कपडे अंगात, ताप नाही, थंडी नाही. दाराबाहेर कुणी नव्हतं. पायऱ्या ओल्या होत्या, पण त्या बाजूला सकाळी सगळंच ओलं असतं. बोटवाल्याने शेगडीतली राख पाहिली, खिळे पाहिले, आणि परतीच्या वाटेवर दादाकडे एकदाही पाहिलं नाही. संध्याकाळऐवजी सकाळी, पण फिटरने शब्द पाळला. दादाला धडधाकट आणून दारात उभा केला.

"मग बरंच झालं की," माझा मावसभाऊ म्हणाला.

"बरंच झालं," मामा म्हणाले. "दादा कामावर येतो. जेवतो. पोरांचे अभ्यास घेतो. फिटरला आता नावाने हाक मारतो. फार मायेने."

मला सहन होईना. आजारातून उठलेला माणूस बदलतो, म्हटलं. एक तरी ठोस गोष्ट सांगा. पुरावा म्हणावा अशी.

 मामा म्हणाले, मागच्या महिन्यात ते दादाच्या घरी गेले होते. वहिनी खिडकीत उभी राहून दादाच्या उशीचा अभ्रा झटकत होती. रोज सकाळी झटकते. त्यातून पांढरं काहीतरी पडतं. एकदा तिने बोट लावून चाखलं. मीठ.

"घाम असेल," मी म्हटलं.

"मीही तेच म्हणालो.  ती मला मागच्या अंगणात घेऊन गेली. भिंतीलगत सगळीकडे गुडघाभर गवत आहे. त्या एका खिडकीखाली..."

मामांनी सतरंजीवर हात फिरवला, सपाट.

"तिने दोनदा नवं लावून पाहिलंय."